उकासीची केसाळ माशी आणि पंख वाचणारे लोक

नैरोबीहून थिकामार्गे गारिसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पूर्व केनियाच्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या मुलखात उकासी नावाची एक खडकाळ टेकडी आहे. तिच्या कातळाला सुमारे २० मीटर उंचीची एक उभी फट आहे. फटीत वटवाघळं राहतात आणि त्यांच्या विष्ठेच्या थरात एक माशी वाढते. १९३३ साली एच. बी. शार्प यांनी ती गोळा केली आणि १९३६ साली लंडनमध्ये अर्नेस्ट एडवर्ड ऑस्टिन यांनी तिचं वर्णन छापून तिला ‘मॉर्मोटोमाया हिर्सूटा’ हे नाव दिलं. ग्रीक आया मुलांना जिची भीती घालत त्या मॉर्मो नावाच्या बागुलबाईची आठवण या नावात आहे. माशी जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची. पाय लांबलचक, अंगभर लांब पिवळट केसांचं आवरण, डोळे अगदी बारीक, आणि पंखांच्या जागी दोन अरुंद पट्ट्या, ज्यांनी उडता येत नाही. पहिल्या नजरेत ती कोळीच वाटते. १९४८ साली ती पुन्हा मिळाली आणि त्यानंतर २०१० सालापर्यंत कुणाच्याही हाती लागली नाही. मधल्या काळात निदान पाच-सहा मोहिमा त्या टेकडीवर जाऊन रिकाम्या हातांनी परतल्या. ही माशी दुसऱ्या कोणत्याच माशीसारखी दिसेना, म्हणून ऑस्टिन यांनी तिच्यासाठी एक स्वतंत्र कुल केलं. त्या कुलात आजही ही एकच जात आहे. कीटकशास्त्राच्या पुस्तकांत तिला कोडं म्हणायची प्रथा पडली. माझं म्हणणं असं, की हे कोडं माशीच्या अंगात थोडं आणि माशा ओळखण्याच्या धंद्याच्या रीतीत फार होतं. गुहेने या माशीच्या अंगावरून नेमके तेच अवयव पुसले होते, ज्यांच्यावर भिस्त ठेवायला हा धंदा दोनशे वर्षांत शिकला होता.

ही भिस्त कशी तयार झाली ते पाहिलं पाहिजे. दोन पंखांवरून माशांचा गट वेगळा काढण्याची कल्पना ॲरिस्टॉटलपासूनची आहे आणि लिनिअस यांनी तीच आपल्या वर्गीकरणात पक्की केली. पण दोन पंख तर जवळजवळ सगळ्याच माशांना असतात. मग माशांमाशांत फरक करायचा कशावरून? १८०७ साली जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी पंखांवरच्या शिरांचं जाळं हाच आधार धरून गांधीलमाश्या आणि माशा यांच्या वर्गीकरणाची नवी रीत मांडली. १८१८पासून योहान मायगेन यांचे युरोपातल्या माशांवरचे जाडजूड खंड निघू लागले, आणि त्यांतही शृंगिकांबरोबर पंखांच्या शिरा सतत डोळ्यांसमोर असतात. १८८१च्या सुमारास ओस्टेन-साकेन यांनी दुसरं हत्यार दिलं: माशीच्या डोक्यावर आणि पाठीवर कोणता राठ केस नेमका कुठे उगवतो याचा नकाशा. शतक संपता संपता कॉम्स्टॉक आणि नीडहॅम या अमेरिकन जोडीने सगळ्या कीटकांच्या पंखशिरांना एकच नामावली लावून दिली. ही सगळी कामं उत्तम होती, यात शंका नाही. पंख सपाट असतो, वाळल्यावर बिघडत नाही, काचेवर ठेवून भिंगाखाली आरामात वाचता येतो. शिरांचा आराखडा एका कुलात सहसा फारसा बदलत नाही. जाणकार माणूस केवळ पंख पाहून माशीचं कुल सांगू शकतो. आता हाच जाणकार उकासीच्या माशीपुढे बसवा. पंख म्हणजे पट्टी. तिच्यात शिरांचं वाचण्याजोगं जाळं उरलेलं नाही. राठ केसांचा नकाशा काढायचा तर सगळं अंगच केसांनी भरलेलं, खुणेचे केस कुठले आणि बाकीचे कुठले हेच ठरेना. डोळे लहान झाल्याने डोक्याची ठेवणही बदललेली. दोन्ही पोथ्या एकदमच मिटल्या.

याला जोडून दुसरी गोष्ट येते, ती म्हणजे नमुने लंडनला पोचत होते कसे आणि कोणत्या अवस्थेत. ऑस्टिन हे ब्रिटिश म्युझियमचे माणूस आणि १९२७ ते १९३२ या काळात तिथल्या कीटक विभागाचे प्रमुख. त्यांची कीर्ती झाली ती रक्त पिणाऱ्या माशांवर. त्सेत्से माशीवरचा त्यांचा ग्रंथ १९०३ सालचा, आफ्रिकेतल्या रक्तपिपासू माशांचं सचित्र पुस्तक १९०९चं आणि त्सेत्सेवरची हस्तपुस्तिका १९११ची. या पुस्तकांच्या मागे साम्राज्याची निकड उभी होती. त्सेत्सेमुळे माणसांना निद्रारोग होत होता आणि गुरं मरत होती, आणि कोणती माशी कुठवर पसरली आहे हे कळल्याशिवाय वसाहतीचा कारभार नीट चालत नव्हता. त्यामुळे आफ्रिकेत नेमलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना माशा पकडून लंडनला पाठवण्याची सवय लागली, आणि त्यांना ओळखून नाव लावणारे पगारी तज्ज्ञ लंडनमध्ये बसवले गेले. उकासीच्या माशीचा रोगाशी काही संबंध नाही, पण ती याच वाटेने पोचली. या वाटेचं एक खास वैशिष्ट्य होतं. माशी टाचणीवर यायची, वाळलेली. वाळलेल्या माशीचं बाहेरचं कवच टिकतं. आतली मऊ इंद्रियं, म्हणजे अंडाशय, वीर्य साठवणाऱ्या थैल्या, नलिका, सुकून चिपाडासारखी होतात. पंखांवरून आणि केसांवरून ओळख पटत असेल तर याने काही अडत नाही. या माशीच्या बाबतीत मात्र बाहेरच्या खुणा गेलेल्या आणि आतल्या खुणा वाळलेल्या, अशी दुहेरी अडचण झाली. ताजे नमुने हवेत तर टेकडीवर जाणं भाग होतं, आणि १९४८नंतर टेकडी कुणालाच काही देत नव्हती.

तिसरा अडसर विचारांचा होता. ऑस्टिन यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच या माशीची ओळख अर्धी बिनपंखी अशी, म्हणजे गेलेल्या पंखांवरून, करून दिली. अवयव गेले म्हणजे प्राणी अवनत झाला, ही त्या काळची शास्त्रीय कल्पना होती. १८८० साली रे लँकेस्टर यांनी अवनतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. परजीवी प्राणी, खडकांना चिकटून बसणारे बार्नॅकल यांचा दाखला देऊन त्यांनी म्हटलं होतं, की उत्क्रांती नेहमी वरच चढते असं नाही. आयतं अन्न आणि सुरक्षित जागा मिळाली की प्राणी अवयव टाकत टाकत खाली उतरतो. हेच लँकेस्टर १८९८ ते १९०७ लंडनच्या त्या म्युझियमच्या नैसर्गिक इतिहास विभागांचे संचालक होते आणि ऑस्टिन यांचा त्सेत्सेवरचा ग्रंथ त्यांच्याच कारकिर्दीत निघाला. उत्क्रांतीची दिशा एकच नसते, हे लँकेस्टर यांचं म्हणणं बरोबरच होतं, आणि आजचा कोणताही जीवशास्त्रज्ञ ते मान्य करील. पण त्यातला चढ-उताराचा हिशेब संशोधकाची नजर फक्त गेलेल्या गोष्टींवर खिळवून ठेवतो. पंख गेले, डोळे गेले, एवढं लिहून झालं की वर्णन पुरं झाल्यासारखं वाटतं. काय आलं, हे विचारायचं राहून जातं.

खरं तर या प्रश्नावर डार्विन यांनी १८५९ सालीच दोन वेगळ्या वाटा दाखवल्या होत्या आणि त्या एकत्र वाचणं फायद्याचं आहे. मदीरा बेटावरच्या भुंग्यांच्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, असा कीटकशास्त्रज्ञ वोलास्टन यांचा हिशेब त्यांच्यासमोर होता. त्याचं कारण त्यांनी मुख्यतः नैसर्गिक निवडीत शोधलं: वाऱ्याच्या बेटावर उडणारा भुंगा समुद्रात जाऊन पडतो, न उडणारा जगतो. गुहेतल्या आंधळ्या प्राण्यांचे डोळे जाण्याचं कारण मात्र त्यांनी केवळ न वापरण्यावर ढकललं, कारण अंधारात डोळे असणं नुकसानीचं कसं ठरेल हे त्यांना दिसेना. उकासीची फट या दोन्ही उदाहरणांच्या मधोमध बसते. ती अंधारी आहे आणि भोवतीच्या कोरड्या पठारात ती बेटासारखी एकटीही आहे. फटीबाहेर उडून गेलेल्या माशीला अंडी घालायला जागा नाही, कारण तिच्या अळ्यांचं अन्न वटवाघळं टाकतील तिथेच. पंख आणि ते हलवणारे छातीतले स्नायू पोसणं महाग असतं. ज्या नाकतोड्यांत आणि रातकिड्यांत पंखवाले आणि बिनपंखी असे दोन्ही नमुने असतात त्यांच्यात बिनपंखी माद्या लवकर आणि जास्त अंडी घालताना वारंवार आढळल्या आहेत. म्हणजे पंख टाकणं ही सरळ गुंतवणूक बदलण्याची गोष्ट आहे. डोळ्यांचंही तसंच. माशीच्या अंगावरचा राठ केस म्हणजे बहुतेक वेळा स्पर्शेंद्रिय असतो, त्याच्या मुळाशी मज्जातंतू असतो. जिथे पाहून काही कळत नाही तिथे लांब पाय आणि लांब केस घेऊन कातळावर चालणारा प्राणी भोवतालाची खबर दुसऱ्या मार्गाने घेत असणार, असं मानायला जागा आहे. इथे एक विसरलेली गोष्टही सांगून टाकतो. माशी हा प्राणीच मुळात दोन पंख गमावून तयार झाला आहे. इतर बहुतेक कीटकांना चार पंख असतात. माशीच्या मागच्या जोडीच्या जागी दोन छोट्या गाठी, संतोलक, असतात. त्या काढल्या की माशीला नीट उडता येत नाही, हे विल्यम डेरहॅम या इंग्रज पाद्र्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच पाहिलं होतं. मागचे पंख गेल्याबद्दल सबंध माशीवर्गाला कुणी अवनत म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

अवनतीच्या हिशेबाचा प्रत्यक्ष तोटा पुढे झाला तो नात्यांच्या शोधात. हरवलेल्या गोष्टी वेगवेगळ्या घराण्यांतून सारख्याच रीतीने हरवतात, म्हणून हरवण्यातलं साम्य नातं सिद्ध करीत नाही. कोणत्या साम्याने नातं ठरतं आणि कोणत्याने नाही, हे विसाव्या शतकात ज्यांनी काटेकोरपणे मांडलं ते जर्मन विली हेनिग स्वतः माशांचेच अभ्यासक होते, हा योगायोग नसावा. वटवाघळांच्या आसपास तर हा सापळा पदोपदी आहे. वटवाघळांच्या अंगावर राहून रक्त पिणाऱ्या निक्टेरिबिडी कुलातल्या माशा बिनपंखी आणि कोळ्यासारख्या असतात. त्यांची मादी अंडं घालत नाही, पोटातच पूर्ण वाढलेली अळी जन्माला घालते. उकासीच्या माशीशी तिचं दिसणं जुळतं, पण जगणं अजिबात जुळत नाही, कारण उकासीची अळी विष्ठेत मोकळी वाढते. याहून बोलकं उदाहरण न्यूझीलंडचं. १९७३ साली तिथे एक प्रचंड कौरी वृक्ष कोसळला आणि त्याच्या पोकळीतल्या आखूड शेपटीच्या वटवाघळांच्या वस्तीत एक बिनपंखी, विष्ठेवर जगणारी माशी सापडली. बेव्हर्ली हॉलोवे यांनी १९७६ साली तिला मिस्टॅसिनोबिया हे नाव आणि स्वतंत्र कुल दिलं आणि तिचं नातं फळमाशीच्या गटाशी जोडलं. २०००च्या सुमारास डीएनए तपासल्यावर ती निघाली दुसऱ्याच घरची, मांसमाशा आणि निळ्या माशांच्या गोतावळ्यातली. आता उकासीची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. कॅनडाचे जे. एफ. मॅकअल्पाइन यांनी १९८९ साली, उत्तर अमेरिकेच्या माशांवरच्या मोठ्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, तिला शेणमाशांच्या अधिकुलात बसवलं होतं. आणि ती पुढे निघाली फळमाशीच्या गटातली! जिला फळमाशीची बहीण म्हटलं ती परकी, आणि जिला परकी मानलं ती सख्खी.

हे उलगडलं ते २०१०नंतर. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय कीटक संशोधन केंद्राचे, म्हणजे इसिपीचे, रॉबर्ट कोपलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनच्या नॅशनल म्युझियमचे ॲशली कर्क-स्प्रिग्ज यांच्या मोहिमेला उकासीच्या फटीत माशी जिवंत मिळाली. माशी तिच्या जागी पाहता आली आणि वटवाघळांच्या विष्ठेत तिची पैदास होते हे तपासता आलं. शरीररचनेच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे ताजे नमुने. म्यूनिकच्या मारियोन कोत्र्बा या माशांच्या मादीच्या आतल्या जननमार्गाच्या जाणकार. २०११ साली त्या, कर्क-स्प्रिग्ज आणि कोपलंड यांनी मिळून या माशीच्या रचनेचा नवा तपशील छापला. त्यात लक्ष गेलं ते पंखांकडे नव्हे, तर शृंगिकांचे सांधे आणि मादीचे आतले अवयव यांच्याकडे, म्हणजे अंधाराने आणि एकटेपणाने ज्यांना हात लावण्याचं फारसं कारण नव्हतं अशा भागांकडे. या पुराव्याने माशी एफिड्रॉइडिया नावाच्या अधिकुलाकडे झुकली. टॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर टिपल्यापासून जगातल्या प्रयोगशाळांत पोसली गेलेली, पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी फळमाशी याच अधिकुलातली. मधमाश्यांच्या अंगावर राहणारी, बिनपंखी, पोळ्याच्या मेणात अळ्या वाढवणारी ब्राउला हीसुद्धा तिथलीच. तीही १८१८पासून अशीच घरोघर फिरवली गेली होती. २०२२ साली या अधिकुलातल्या नात्यांवर डीएनएच्या आधारे एक मोठा अभ्यास निघाला आणि त्यातही मॉर्मोटोमाया याच घरात राहिली. जगातली सर्वाधिक अभ्यासलेली माशी आणि जवळजवळ कुणीच न पाहिलेली माशी एका अधिकुलात आल्या.

यावर ऑस्टिन यांच्या बाजूने एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हाती आलेल्या वाळक्या नमुन्यांवर, ती कुठे बसत नाही हे पाहून, त्यांनी तिला ओढूनताणून एखाद्या जुन्या कुलात कोंबलं नाही. वेगळं कुल केलं. ते कुल आजही उभं आहे. ही सावधगिरी मोठीच आहे, आणि मी त्यांना दोष देत नाही. दोष पुढच्या आळसाचा आहे. वेगळं कुल म्हणजे नात्याचं उत्तर नव्हे. तो प्रश्न बाजूला नीट ठेवण्याचा एक प्रकार आहे. कपाटावर पाटी लागली की आतला प्रश्न सुटल्यासारखा वाटू लागतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: डीएनएने शेवटी सगळं ठरवायचंच होतं, मग सांधे आणि थैल्या तपासत बसण्यात काय मिळालं? शिवाय आज जुन्या वाळक्या नमुन्यांतूनही डीएनए निघतो, तेव्हा टेकडीवर जाण्याचीही गरज नव्हती, असंही कुणी म्हणेल. क्रम पाहिला तर पहिल्या भागाचं उत्तर मिळतं. शरीररचनेने दिशा २०११ सालीच दाखवली होती; मोठा डीएनए अभ्यास त्यानंतर अकरा वर्षांनी आला आणि त्याने तीच दिशा दाखवली. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या म्हणून विश्वास वाढला. एकच असती तर मिस्टॅसिनोबियाचा अनुभव आठवून आपण साशंकच राहिलो असतो. दुसऱ्या भागाचं उत्तर असं, की डीएनए माशी कुणाची ते सांगतो, ती फटीत काय करते ते सांगत नाही. अळी कशात वाढते हे कळायला विष्ठेच्या थरापाशी वाकावंच लागतं.

उरतो तो जागेचा प्रश्न. २०१०पर्यंत या माशीचं माहीत असलेलं घर एकच होतं, आणि एखादा प्राणी एका फटीपुरता असू शकतो का, अशी शंका कुणालाही येईल. या शंकेला आपल्याकडचं एक उदाहरण लागू पडतं. खानापूर तालुक्यात, गोव्याच्या हद्दीजवळ, तळेवाडीच्या बारापेडे गुहांतून मिळालेल्या रॉटनच्या वटवाघळाचं वर्णन ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली केलं. त्यानंतर आठ-नऊ दशकं ते जगात तिथे आणि तिथेच आहे असं धरलं जात होतं. मग ते मेघालयात आणि थेट कंबोडियात मिळालं. एकाच जागेचा शिक्का हा कित्येकदा शोधणाऱ्यांच्या पायपिटीचा नकाशा असतो. पण दोन प्राण्यांत एक फरक आहे आणि तो इथे महत्त्वाचा आहे. वटवाघूळ उडून जाऊ शकतं, माशी नाही. तिला दुसऱ्या कपारीत पोचायचं तर कुणाच्या तरी अंगाला धरूनच पोचावं लागणार. न्यूझीलंडच्या माशीला वटवाघळांवर बसून जाताना माणसांनी पाहिलं आहे. तेव्हा उकासीच्या माशीचे लांब पाय आणि नख्या यांच्याकडे केवळ कातळावर चालण्याची साधनं म्हणून न पाहता, वटवाघळाची लोकर त्यांनी किती घट्ट धरता येईल या अंगानेही पाहायला हवं. आणि नव्या जागा धुंडाळायच्या त्या टेकड्यांची यादी हातात घेऊन नव्हे, तर त्या फटीतली वटवाघळं आणखी कुठे कुठे मुक्काम करतात याच्या मागावर जाऊन.